त्यानंच फोडला

दगडाबाईचं प्रेत फुटक्या तलावाच्या भरावाखाली सापडलं, तेव्हा खुनी कोण हे पांगरशेत गावाला आधीच ठाऊक होतं.

सहायक पोलीस निरीक्षक शिवलीला बिराजदार जीपमधून उतरली तर भरावावर माणसांची ही गर्दी. रडत कुणीच नव्हतं. जो तो मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी बघत होता. एका म्हाताऱ्यानं तिला वाट करून दिली आणि रस्ता सांगावा तसं सांगितलं, "महारुद्राला उचला मॅडम. दुसरं कोन असणार?"

खाली दगडांवर म्हातारी उताणी पडली होती. डोक्यामागचं रक्त वाळून काळं झालेलं. अंगावर हिरवं इरकली लुगडं, चांगलं घडीतलं. एक चप्पल पायात, दुसरी वर भरावाच्या कडेला.

हवालदार नंदीश कोरे वाकून चेहरा बघत म्हणाला, "मॅडम, ही पिच्चरमधली म्हातारी."

शिवलीलानं मान हलवली. पिच्चर जिल्ह्यात सगळ्यांनीच पाहिला होता. पांगरशेतचा पाझर तलाव एका पावसाळ्यात भल्या पहाटे फुटला आणि खालची आळी वाहून गेली. माणसं मेली, जनावरं मेली. चौकशी झाली, अहवाल आला, विषय संपला. मग धाराशिवच्या कृष्णराज मगर नावाच्या तरुण दिग्दर्शकानं त्यावर माहितीपट काढला, 'फुटला की फोडला?' तेव्हाचा सरपंच महारुद्र यानं आपली द्राक्षबाग बुडू नये म्हणून रातोरात भराव फोडला, असं त्यात म्हटलं होतं. आता महारुद्र जिल्हा परिषदेला उभा होता. त्याच्याविरुद्ध उभे असलेले आण्णासाहेब टेम्पोवर पडदा बांधून गावोगाव तो माहितीपट दाखवत होते. त्यातली एकुलती एक साक्षीदार म्हणजे दगडाबाई.

तिचा मुलगा बब्रुवान बाजूला उकिडवा बसला होता. ट्रकचा ड्रायव्हर, अंगानं दांडगा. शिवलीला त्याच्याजवळ बसली.

"आई घरातून कधी निघाली?"

"काल दुपारी. जेवल्यावर."

"काही सांगून गेली?"

"जरा जाऊन येते म्हनली."

"कुणाबरोबर?"

"म्या झोपलो व्हतो. रातीच्या गाडीवरनं आलतो."

"तब्येत बरी होती?"

"बरी व्हती. मोतीबिंदू काढून म्हैना झाला. सोलापूरला बहिणीकडं ऱ्हायली, परवा आली. लई खूश व्हती, समदं दिसतंय म्हनायची." त्यानं प्रेताकडं बघितलं. "हे लुगडं कवा नेसली कळंना. सकाळी साधं पातळ व्हतं अंगावर."

"कुठं लग्नकार्य होतं का?"

"न्हाय."

*

महारुद्र त्याच्या घराच्या ओट्यावर बसला होता. पळून गेला नव्हता. पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली, पांढरा सदरा चुरगळलेला. दारात प्रचाराची जीप उभी होती आणि तिच्यावरच्या त्याच्या फोटोला कुणीतरी शेण फासलं होतं.

"काल दुपारी कुठं होता?"

"येरमाळ्याला. देवीच्या पाया पडून प्रचाराचा नारळ फोडला. माझीच मानसं संगं व्हती, त्येंची साक्ष कोन धरतंय?"

"दगडाबाईला भेटला होता?"

"न्हाय. पर तिचा निरोप आलता. म्हनली, माझ्या तोंडचं उलटं केलंय, तुझ्या सभंत यिऊन सांगते. आज सांच्याला यायची व्हती."

"निरोप कुणी आणला?"

"धुरपदाबाईनं. तिची शेजारीन. इचारा तिला."

रस्त्यावर आवाज वाढत होता. नंदीश ओट्यापाशी आला. "मॅडम, लोक जमायलेत. लवकर निघावं लागतंय."

शिवलीला उठली, पण एक प्रश्न राहिला होता. "सिनेमात ती म्हणते, तुमच्या हातात टिकाव होता."

महारुद्रानं तिच्याकडं बघितलं. "व्हता. खोटं कशाला बोलू? टिकाव माझ्याच हातात व्हता. पर त्यो—"

फटकन दगड येऊन दाराच्या चौकटीला लागला.

"ठाण्यात सांगा," शिवलीला म्हणाली.

दोघांनी त्याला मध्ये घेऊन पोलीस जीपकडं नेलं. वाट दहा-वीस पावलांची असेल. गर्दीतल्या कितीतरी हातांत फोन होते, बाकीच्या हातांत दगड. महारुद्र जीपच्या पायरीवर चढला आणि तसाच मागं कलला. कानशिलावर लागलेला दगड लिंबाएवढा होता. तो शिवलीलाच्या खांद्यावर कोसळला, तेव्हा गर्दीतून एक समाधानाचा हुंकार आल्यासारखं तिला वाटलं.

त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आला तर बोलेल.

*

शवविच्छेदन करणारे डॉक्टर थकलेले होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं.

"उंचावरून पाठीवर पडली. दंडावर बोटांचे वळ आहेत. पडण्याआधी कुणीतरी धरलं होतं. आणि लगेच मेली नाही. तासभर तरी जिवंत असावी. वेळेत आणली असती तर कदाचित..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"आणखी काही?"

"पोलक्याच्या आत, गळ्याखाली, चिकटपट्टीचा तुकडा होता. डोळ्याच्या ऑपरेशनला लावली असेल दवाखान्यात."

"महिन्यापूर्वी?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. शिवलीलानं तो तुकडा पिशवीत घेतला. पांढरी, पातळ, बोटभर लांबीची पट्टी. एक टोक ओढून तुटलेलं. रोज आंघोळ करणाऱ्या बाईच्या अंगावर अशी पट्टी महिनाभर टिकत नाही. दोन दिवससुद्धा टिकत नाही.

ठाण्यात बसून तिनं तो माहितीपट पुन्हा लावला. आधी तिनं तो आईबरोबर अणदूरच्या घरी पाहिला होता. आई पदरानं डोळे टिपत होती, आणि शिवलीलालाही महारुद्राची चीड आली होती. आता ती आवाज मोठा करून, थांबवत थांबवत बघू लागली.

काळा पडदा. निवेदकाचा खोल आवाज, 'तलाव कुणी फोडला?' संबळाचा एकच ठोका. मग दगडाबाई. दारात बसलेली, हिरवं इरकली लुगडं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूचा पांढरा ठिपका. चांगल्या डोळ्यानं दिसावं म्हणून मान जराशी तिरपी.

'त्यानंच फोडला. महारुद्रानंच. माझ्या डोळ्यादेखत. टिकाव घिऊन आला आन् घाव घातले.'

लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू येतो. येडशीकडं जाणारी गाडी. लगेच पडद्यावर म्हातारीचे सुरकुतलेले हात. मग भरावाला पडलेलं भगदाड. मग रिकामा पाळणा. मग महारुद्र, हसणारा. मग पुन्हा पाळणा.

"थांबव," शिवलीला म्हणाली. नंदीशनं थांबवलं. "त्याच्या खांद्यावर काय आहे बघ."

नंदीशनं नाक पडद्याला लावलं. "अक्षता हायत, मॅडम. लग्नातलं शूटिंग दिसतंय."

"आणि भोंगा?"

"भोंग्याचं काय?"

"सुरू होतो आणि मधेच कापल्यासारखा बंद होतो. हात दिसतात तिथं."

नंदीश म्हणाला, "पर म्हातारी सोताच्या तोंडानं बोलतीय की."

"बोलतेय ना. काय बोलतेय ते पुन्हा ऐक."

*

कृष्णराजचं ऑफिस धाराशिवला बसस्थानकाच्या मागच्या इमारतीत होतं. भिंतीवर महोत्सवांची प्रशस्तिपत्रकं. तो स्वतः तिशी-पस्तिशीचा, चष्मा, खादीचा कुर्ता, डोळे रडून सुजलेले. त्यानं शिवलीलासाठी स्वतः चहा ओतला.

"माझ्यामुळं गेली हो ती," तो म्हणाला. "मी तिला पडद्यावर आणायला नको होतं."

"शेवटची भेट कधी झाली?"

"शूटिंगलाच. वर्ष होऊन गेलं. नंतर ती सोलापूरला गेली असं कळलं, मग भेट नाही."

"तुमच्याकडं कोण कोण काम करतं?"

"कॅमेरा माझा. आवाज आणि जोडणी, म्हणजे एडिटिंग, सोनाली बघते. परवा ती पुण्याला होती, काल रात्री आली."

"सिनेमात महारुद्र हसतो ते कुठलं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. लपवाछपवी केली नाही. उलट विषय आवडीचा निघाल्यासारखा तो सरसावून बसला.

"एका लग्नातलं. बघा मॅडम, चेहऱ्याला स्वतःचा असा अर्थ नसतो. त्याच्या आधी नि नंतर काय दाखवता त्यावर अर्थ ठरतो. पाळणा दाखवा, मग तो चेहरा. लोक म्हणतात, बघा, लेकरू मेलं तरी हसतोय. कॅमेरा खाली ठेवून वर बघितलं की माणूस अंगावर आल्यासारखा वाटतो. संबळ वाजवला की छातीत धडधडतं. मग माणसं विचार करत बसत नाहीत, त्यांना पटलेलं असतं."

"म्हणजे खोटंच."

"खोटं कसं? भराव निकृष्ट होता, सरपंच तो होता, बिलांवर सही त्याची होती. हे खरं आहे. पण निकृष्ट मुरूम पडद्यावर कसा दिसणार? अहवाल कोण बघणार? तो आलाच होता की, कुणी वाचला? लोकांना माणूस लागतो. हात लागतो, हातात टिकाव लागतो. मी खरं तेच लोकांपर्यंत पोचवलं."

"टिकाव म्हातारीनंच दिला."

"तिनंच," तो म्हणाला.

मग त्यानं संगणक तिच्याकडं वळवला. दगडाबाईला श्रद्धांजली म्हणून त्यानं एक छोटी चित्रफीत केली होती. काल सकाळी प्रेत सापडल्यापासून ती फोनाफोनांवर फिरत होती. भरावावरचे लोक तीच बघत होते. संथ बासरी. हिरव्या लुगड्यातली म्हातारी भरावावरून पाठमोरी चालत जाते. मागं वळते. मान सरळ ठेवून, दोन्ही काळेभोर डोळे रोखून, थेट बघणाऱ्याकडं बघते. पडदा काळा होतो. अक्षरं येतात, 'साक्षीदार संपवला. साक्ष संपणार नाही.'

नंदीशनं टोपी काढली. शिवलीलानंही नकळत हात जोडले. जिना उतरताना ती अर्ध्यावरच थांबली.

"नंदीश, त्या बाईला डोळे किती होते?"

"मंजी?"

"काही नाही. चल, पांगरशेतला."

*

दगडाबाईच्या घरापुढं माणसं दुखवट्याला बसली होती. कडुलिंबाखाली सोनाली, कृष्णराजची सहकारी, शेजारणीचा आवाज घेत होती. पंचविशीची बारीक मुलगी, गळ्यात हेडफोन. धुरपदाबाईच्या पोलक्याच्या आत तिनं हात घालून बटणाएवढा माइक बसवला आणि वरून पांढरी चिकटपट्टी दाबली.

"वर लावला की लुगड्याची खसखस येते मावशी," ती सांगत होती. "आणि उद्या परत घ्यावं लागलं तर हेच लुगडं नेसा हं. नाहीतर जोड दिसतो."

शिवलीला तिथंच उभी राहून बघत होती. सोनालीचं लक्ष गेलं आणि हातातली पट्टीची गुंडाळी खाली पडली.

ध्वनिमुद्रण संपल्यावर शिवलीलानं धुरपदाबाईला विचारलं, "महारुद्राकडं निरोप तुम्ही नेला होता?"

"व्हय. दगडी सोलापूरवरनं आली आन् पहिल्यांदा पिच्चर बघितला तिनं. आदुगर नीट दिसतच कुठं व्हतं? बघितला आन् कपाळ बडवून घेतलं. म्हनली, धुरपे, म्या ह्ये बोललेच न्हाय."

"काय बोलली नाही?"

"तलावाचं. म्हनली, मला तलावाचं कुनी इचारलंच नव्हतं."

"हे गावात कुणाला सांगितलं तुम्ही?"

धुरपदाबाईनं गर्दीकडं नजर टाकली. "ऐकतंय कोन?"

शिवलीला घराच्या दाराशी गेली. जुनी सागवानी फळी, पण मधोमध पत्र्याचं मोठं ठिगळ. ठिगळाच्या कडेनं लाकडात खोल खाचा. तिनं एका खाचेत बोट घातलं. कुऱ्हाडीची खाच सपाट असती. ही टोकदार होती.

"दार कसं मोडलं?"

बब्रुवान उंबऱ्यात होता. "पुराच्या टायमाला. म्या ट्रकवर व्हतो, हुबळीला."

"आत कोण होतं?"

"आय. आन् माझी पोरगी. शिवांजली."

"त्यांना बाहेर कुणी काढलं?"

"काढलं असंल गावातल्यांनी."

शिवलीला उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनं समोर बघितलं. समोर आडवी चढण, चढणीवर बाभळी, आणि त्यांच्या पलीकडं कुठंतरी तलावाचा भराव. भर दुपारीसुद्धा तो इथून दिसत नव्हता.

सोनाली जीपच्या मागं येऊन थांबली होती. तिच्या हातात छोटी काळी डिस्क होती.

"तुम्ही आता मागणारच," ती म्हणाली. "दगडाबाईंची मूळ मुलाखत आहे. न कापलेली. सरांनी पुसायला सांगितली होती."

"पुसली का नाहीस?"

"कापली मीच होती. पुसवली नाही."

*

दुसऱ्या दिवशी कृष्णराजच्या ऑफिसात पडदे ओढून चौघं बसली होती. शिवलीला, नंदीश, सोनाली आणि कृष्णराज. शिवलीलानं आधी माहितीपटातला तुकडा लावला. म्हातारी म्हणाली, 'टिकाव घिऊन आला आन् घाव घातले.'

"आला," शिवलीला म्हणाली. "भराव फोडायला निघालेल्या माणसाला ती काय म्हणाली असती? टिकाव घेऊन गेला. ती घरात, तलाव चढणीच्या पलीकडं. मग टिकाव घेऊन आला तो कुठं आला? तिच्याकडं. पहाटेचा अंधार, एका डोळ्यात मोतीबिंदू. भरावावरचं तिला दिसणंच शक्य नव्हतं. जे डोळ्यादेखत घडलं ते हातभर अंतरावर घडलं."

तिनं सोनालीकडं बघितलं. सोनालीनं मूळ मुलाखत लावली.

कृष्णराजचाच आवाज आला, 'मावशी, तुमच्या घराचा दरवाजा कुणी फोडला?'

'त्यानंच फोडला. महारुद्रानंच. माझ्या डोळ्यादेखत. टिकाव घिऊन आला आन् घाव घातले.' रेल्वेचा भोंगा घुमला, आणि या वेळी तो अर्धवट तुटला नाही. त्याच्यावरून म्हातारी बोलत राहिली. 'पान्याच्या रेट्यानं दार उघडंना बाबा. पोरगी आत. त्यानं दार फोडलं, पोरीला खांद्यावर घेतलं, मला हाताला धरलं. माझं पोटचं पोर जवळ नव्हतं, त्यो आला. त्येचं लई उपकार हायत.'

सोनालीनं चित्रण थांबवलं.

"तुम्ही दरवाजा काढला आणि तलाव घातला," शिवलीला म्हणाली. "एक प्रश्न बदलला. भोंगा तुटला, तो लपवायला हात दाखवले."

"ही जोडणी आहे," कृष्णराज कोरडेपणानं म्हणाला. "जोडणी गुन्हा नाही. म्हातारीला मारलं ते महारुद्रानं."

"महारुद्राला ती हवी होती. जिवंत, त्याच्या सभेत. ती नको होती ती तुम्हाला. तिच्या पोलक्यात माइकची पट्टी होती, म्हणजे मरायच्या दिवशी तिला कुणीतरी चित्रित करत होतं. सकाळचं पातळ बदलून ती सिनेमातलं लुगडं नेसून गेली, म्हणजे जुन्या मुलाखतीला जोडायचं नवं चित्रण होतं. आवाज सोनाली लावते, पण ती त्या दिवशी पुण्यात होती. तिकिटं आम्ही तपासली. मग उरलं कोण?"

"आण्णासाहेबांनी दुसरा कॅमेरावाला आणला असेल."

"असेल. पण त्याचं चित्रण तुमच्याकडं कसं आलं?"

तिनं श्रद्धांजलीची चित्रफीत लावली. म्हातारी चालत गेली. मागं वळली. शिवलीलानं तिथंच थांबवलं.

"तुम्ही म्हणालात, शूटिंगनंतर भेट नाही. शूटिंगच्या वेळी तिच्या उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका होता. ती मान तिरपी करून बघायची. ही बाई सरळ बघतेय. दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं. तेव्हापासून ती सोलापूरला होती, गावात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मेली. हे दृश्य मरायच्या दिवशीचं आहे. कॅमेऱ्यामागं तुम्ही आहात."

कृष्णराज पडद्याकडं बघत राहिला. मग चष्मा काढून कुर्त्याला पुसू लागला.

"फार चांगलं दृश्य होतं ते," तो म्हणाला. "टाकून देववेना."

"काय झालं भरावावर?"

"चूक दुरुस्त करतो म्हणून मी तिला बोलावलं. तिथं म्हटलं, फक्त एक शब्द म्हणा. तलाव. लोक विचारायला लागले होते, म्हातारी आल्यापासून. ती म्हणाली, चालते, वळते, पण खोटं बोलणार नाही. वर म्हणाली, उद्या सभेत सांगते. आत हात घालून माइक ओढायला लागली. मी दंड धरला. तिनं हिसडा दिला. मी ढकललं नाही असं मी म्हणू शकतो. पण सोडलं मीच."

"खाली उतरला होता?"

"माइक काढायला."

"जिवंत होती?"

"माझ्याकडं बघत होती."

"मग फोन का केला नाही?"

कृष्णराजनं चष्मा परत घातला. "वाचली असती तर बोलली असती," तो म्हणाला. सोनाली उठून बाहेर गेली.

*

महारुद्र शुद्धीवर आलाच नाही. कृष्णराजला अटक झाली त्याच संध्याकाळी तो सोलापूरला वारला. जे तो ठाण्यात सांगणार होता, ते शिवलीलानं त्याच्या बायकोला सांगितलं. बाई म्हणाली, "मला ठावं व्हतं. मला नगा सांगू, गावाला सांगा."

शिवलीलानं पत्रकारांना बोलावून सगळं मांडलं. स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली. तोवर आण्णासाहेबांच्या टेम्पोवर नवा फलक लागला होता: पोलीस विकले गेले, सत्य दाखवणारा तुरुंगात. माहितीपटाला पूर्वी नव्हती एवढी गर्दी होऊ लागली. उमेदवार वारल्यामुळं निवडणूक पुढं गेली, आणि झाली तेव्हा आण्णासाहेब प्रचंड मतांनी निवडून आले. फुटक्या भरावाच्या दुरुस्तीचं काम त्यांच्या मेहुण्याला मिळालं. पहिला भरावही त्यानंच बांधला होता. निकृष्ट मुरूम वापरल्याचं अहवालात लिहिलेलं होतं.

महारुद्राला लागलेला दगड कुणी मारला, ते निघालं नाही. चित्रणं ढीगभर मिळाली. प्रत्येकात पुढच्या माणसाची पाठ होती.

निकालानंतर शिवलीला एकदा पांगरशेतला गेली. कामाचं काही नव्हतं. बब्रुवान दारात ट्रकचं टायर काढत बसला होता. आत शिवांजली अभ्यास करत होती. शिवलीलानं त्याच्यापुढं फोन धरला.

"तुमच्या आईची मूळ मुलाखत. एकदा बघा."

त्यानं हात पुसले आणि शेवटपर्यंत बघितली. चेहरा हलला नाही.

"पोरीला महारुद्रानं काढलं, हे तुम्हाला माहीत होतं," शिवलीला म्हणाली.

"आयनं सांगितलं व्हतं. पुरानंतर."

"मग?"

"मंग पिच्चर आला. म्हनलं, तलाव फोडला आन् पाप धुवायला दार फोडलं असंल."

"आईला विचारलं नाही?"

"फोनवर इचारलं. म्हनली, म्या असं बोलले न्हाय. मला वाटलं म्हातारी भ्यालीया. पिच्चरमधी तर समोर बसून बोलत व्हती." तो टायरकडं बघत होता. "त्या दिवशी जीपपाशी म्या व्हतो, मॅडम."

शिवलीला त्याच्या शेजारी खाली टेकली.

"समद्यांनी मारले," तो म्हणाला. "म्याबी मारला. कुनाचा लागला ते कुनाला ठावं."

आतून शिवांजलीचा वाचायचा आवाज येत होता. बब्रुवाननं फोन परत दिला. देताना पडद्यावर आईचा चेहरा थांबलेला होता, तिरप्या मानेचा.

"ह्यो तुमचा पिच्चरबी त्या पोरीनंच दिला न्हवं? जिनं पहिला कापला?"

"हो."

"मंग ह्यो खरा कशावरनं?"

शिवलीला बोलायला गेली. भोंगा तुटत नाही, ती म्हणणार होती. टिकाव घेऊन 'आला' म्हणाली, 'गेला' नव्हे. पण तो तिच्याकडं बघतच नव्हता. त्यानं पाना उचलला, टायरच्या नटाला लावला आणि दोन्ही हातांनी जोर लावू लागला.